तारे वजा केलेला फोटो

मथुरा : अगोदर चपला काढून आत ये, श्रीविद्या. दारात उभं राहून सांगायसारखं काही असेल तर मला ते ऐकायचं नाही.

श्रीविद्या : आई, हॉलंडची फेलोशिप मिळाली. तीन वर्षं. उद्या हो-नाही कळवायचंय.

मथुरा : सरी, बरं झालं. कॉफी घेतेस?

श्रीविद्या : मी नाही म्हणणार आहे. यशोवर्धन गेल्यावर या राजाजीनगरात तुम्हाला दुसरं कोण आहे?

मथुरा : ते मग बघू. स्वल्प इकडे ये. तुमच्या दुर्बिणीतला हा आकाशगंगेच्या चक्राचा फोटो त्यानं दिलेला, देवाजवळ ठेवलाय. हा सगळ्यांत मोठा तारा बघ. वर्ष झालं, रोज ह्याला कुंकू लावते. माझा पोरगा हाच म्हणून. बरोबर ना?

(श्रीविद्या फोटो हातात घेते आणि परत देवाजवळ ठेवते.)

मथुरा : काय झालं गे?

श्रीविद्या : तो तारा नाहीये, आई. वायू आहे, हायड्रोजन. आम्ही दोन फोटो काढतो. एक साधा, एक फक्त हायड्रोजनच्या उजेडातला. मग कॉम्प्युटरवर एकातून दुसरा वजा करायचा. तारे निघून जातात, वायू तेवढा उरतो. ह्यातले तारे मीच काढून टाकले होते.

मथुरा : अय्यो देवा! वर्षभर मी धुराला कुंकू लावतेय?

श्रीविद्या : धूर नाही हो. आत नवे, प्रचंड तारे असतात, त्यांच्यामुळेच तो उजळतो. त्यांची धगच तेवढी असते.

मथुरा : मग ते तारे?

श्रीविद्या : एवढे मोठे तारे फार जगत नाहीत. पण तेवढ्यात भोवतालचा वायू लांब ढकलून देतात. मध्ये पोकळी पडते.

मथुरा : तिथे परत काही होत नाही?

श्रीविद्या : कशातून होणार? वायूच उरत नाही. ढकललेला वायू काठाला साठतो, दाबला जातो. तिथे कधीकधी नवे तारे जन्मतात. यशोवर्धन तेच शोधत होता.

मथुरा : मग तू का बसलीस माझ्याबरोबर त्या पोकळीत, मधोमध? अठ्ठावीस वर्षांचा पोरगा काविळीनं गेला माझा. मी आई, मी कुठे जाणार? तुमचं लग्न नुसतं ठरलं होतं गे, झालं नव्हतं. दर रविवारी तू येतेस, माझी सून आली म्हणून मी खूश होते. तू गेलीस की रडते, ह्या पोरीचं मी वाटोळं करतेय म्हणून.

श्रीविद्या : मला यावंसं वाटतं, आई. तिकडे त्याचं नाव काढणारं कुणी नसेल.

मथुरा : नसू दे. उद्या हो म्हणून कळव.

श्रीविद्या : दर रविवारी फोन करीन. शेजारी, शिवाप्पांकडे.

मथुरा : दर रविवारी नको. एखादा रविवार चुकला तर मला सोसायचं नाही.