लूमवाल्यांची कानगोष्ट

लिंबायतच्या दवाखान्यात मालतीबाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी, कापडाच्या लूमच्या खडखडाटात उमर आणि कानही गेलेले दोघे कानगोष्ट करत होते आणि ती पार दारापर्यंत ऐकू जात होती.

"हळू बोल, योगराज."

"हळूच बोलतोय, धुडकूदादा. कावीळ कधीची उतरली, पण अंगात जीव नाही. डोळे पिवळे होते तेव्हा हसायचो, पांढरे झाले अन् झरायला लागले."

"रडतोस? कशापायी?"

"कशापायीच नाही. काल भाकरी छान गोल आली म्हणून रडलो. बायको म्हणे, उद्यापासून वाकडी करू का?"

"डॉक्टरला सांग ना!"

"छे! पाय दुखतात, एवढंच सांगणार. गडीमाणूस रडतो हे लोकांना कळलं तर?"

"कुणाला नाही कळणार. आईची आण."

मालतीबाईंनी तोंडाला पदर लावला. मग जरा सरकून म्हणाल्या, "भाऊ, मागल्या साली मलाही कावीळ झालेली. मी तर कोथिंबीर निवडताना रडायची."

"ताई, तुम्हाला कसं कळलं?"

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला, "योगराजभाई, आत या. रडण्याचं सगळं ऐकलं, आता पायांचं सांगा."