जावयाचा उपवास

नांदेडला पोटाच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेल्या रुक्मिणबाईंनी पोथी उघडली खरी, पण कान होते शेजारच्या नवरा-बायकोकडं.

“आतड्याची सूज पार उतरली होती तुमची. पुन्हा कशी उठली?”

“लोह्याला तुझ्या माहेरी गेल्तो, तिथं घोळ झाला.”

“माझ्या माहेरानं काय केलं?”

“लालभडक रस्सा वाढू लागले होते. नको म्हणलं तर जावई रुसला म्हणतील. म्हणून म्हणलो, आज उपवास हाय.”

“मग?”

“मग तुझ्या आईनं साबुदाण्याची खिचडी केली. मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची. वरून दाण्याची आमटी!”

“अन् तुम्ही खाल्ली?”

“उपवासवाल्यानं उपवासाचं नको कसं म्हणावं?”

“पोटाचं दुखणं हाय, मऊ भात द्या, एवढं तोंडातून निघालं न्हाई?”

“सासुरवाडीत? लाज वाटली.”

“घ्या, आईचाच फोन.” बायकोनं फोन कानाला लावला, ऐकलं आणि त्यावर हात ठेवला.

“काय म्हणती?”

“म्हणती, जावई लई देवभक्त निघाले. आता दर सोमवारी फराळाला हिकडंच पाठव.”

रुक्मिणबाईंनी पोथी मिटली आणि हात पुढं केला.

“आण बाई तो फोन हिकडं. मऊ भाताचं मी सांगते तुझ्या आईला. मीबी एका जावयाची सासूच हाय.”