बांगडीवाटेवरचं वाळकं पान

सरका रे जरा. ती बिडी विझव आधी, पलीकडं मोहफुलं वाळताहेत. हां. आता ऐका.

मघाशी कोण म्हणालं, बांगडीवाटेनं गेलं तर सोपं पडेल म्हणून? सोपं आहेच की! जंगल केवढं, आत माणूस दिसायचा नाही, पण वाट कशी? सपाट. चढ नाही, उतार नाही. गावाच्या शिवेवरून आत शिरायचं, साग-मोहातून गोल फिरायचं, आणि पुन्हा त्याच जागी बाहेर. बांगडीसारखी. म्हाताऱ्या बाया डोक्यावर टोपली घेऊन गप्पा मारत फिरून येतात. चुकायला जागाच नाही.

बिसनही असंच समजायचा.

हा बिसन तुमच्यासारखाच, तरणाताठा. चैत्राचे दिवस होते. रानाला पालवी अजून फुटली नव्हती, सगळं उघडंबोडकं, खाली घोट्याएवढा पाचोळा. दिवस बुडाला आणि बिसनच्या बायकोला, फुलवंतीला, कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, त्यात पोर आडवं. शेजारची देवका म्हणाली, "हे माझ्या हातचं काम नाही गा. सगुणामायला आण. नाहीतर दोन्ही जीव जातील."

सगुणामाय म्हणजे सुईण. ती राहायची टोल्यावर, बांगडीवाटेच्या पार पलीकडच्या अंगाला, चार घरांच्या वस्तीत.

बिसननं कंदील उचलला. फुलवंती तशा कळांतही म्हणते, "लवकर या. मोहाखाली बसाल नाहीतर फुलं चघळत."

"तू गप पड. हा गेलो अन् हा आलो."

निघाला. अंधार पडलेला. शिवेवर आला, पालादेवापाशी. आता हे नीट ऐका. पालादेव म्हणजे देऊळ नाही, मूर्ती नाही. नुसता पाल्याचा ढीग. आत जाणारानं हिरवी डहाळी तोडायची, ढिगावर ठेवायची, आपलं नाव घ्यायचं. म्हणजे काय? मी जिता आत चाललो, मला जिता बाहेर सोडा. आणि रानात कुणी मेलं, तर त्याच्या माणसानं येऊन त्याच्या नावानं वाळकं पान ठेवायचं. म्हणजे, हा आता तुमचा, याला तुमच्यात घ्या. हिरवं जित्याचं, वाळकं मेल्याचं. एवढंच. पण एवढं चुकायचं नाही.

चैत्रात हिरवं कुठून मिळणार? खाली नाल्यात एक करंज होता पालवलेला. पण अंधारात नाल्यात उतरायचं, पुन्हा चढायचं... आणि तिकडं फुलवंती ओरडतेय! बिसन वाकला. पायाजवळचं सागाचं पान उचललं, ढिगावर ठेवलं. "बिसन," म्हणाला आणि आत पळाला.

वाळकं पान! स्वतःच्या हातानं! स्वतःच्या नावानं!

वाकताना कमरेची तंबाखूची चंची गळून पडली, तेही त्याला कळलं नाही.

चालला. चुर्र, चुर्र, पाचोळा वाजतोय. थोडं पुढं गेला तर मागंही वाजायला लागलं. चुर्र, चुर्र. हा थांबला की ते थांबायचं. हा चालला की ते चालायचं. बिसन म्हणाला, असेल रानडुक्कर. मागं बघितलं नाही. बघेल कोण?

मग मागचा आवाज बंद झाला. आणि समोर उजेड दिसला. कंदील! बघतो तर सगुणामाय. तेच हिरवं लुगडं, तीच वाकडी मान.

"अगं माय! तुझ्याकडंच निघालो होतो. पोर आडवं आलंय."

"मी निघालेच होते बापू. चल, फिर मागं."

बिसनच्या जिवात जीव आला. दोघं चालायला लागली. पण बिसनच्या मनात कुठंतरी टोचत होतं. सुईण आहे ना ही? कळा कधीपासून विचारेल, पाणी गेलं का विचारेल. ही काहीच विचारीना.

"माय, जरा भरभर चल ना."

तर ती म्हणते कशी, "आता घाई कशाची, बिसन?"

तेव्हा त्यानं कान दिला. चुर्र, चुर्र. पाचोळा वाजत होता, पण एकाच माणसाचा. त्याच्या एकट्याचा. म्हातारीचे पाय पाचोळ्यात होते, आणि आवाज नव्हता!

बिसन पळाला रे! कंदील टाकला आणि पळत सुटला. पालादेवाचा ढीग दिसला. चला, सुटलो! ढीग ओलांडला. पलीकडं गाव असायला पाहिजे, शिवेचा दगड पाहिजे. पण पुन्हा रानच. तीच वाट. तेच साग. पळाला. पुन्हा ढीग. ओलांडला. पुन्हा रान! तुम्हाला सांगतो, बांगडीला तोंडच नव्हतं राहिलं.

पुन्हा ढिगाशी आला, तर भोवती माणसं बसलेली. गप्प. त्यांतला एक उठला. लखाजी! मागल्या साली मोहाखाली अस्वलानं फाडला तो लखाजी. त्याच्या नावाचं वाळकं पान बिसननंच ठेवलं होतं.

"ये गा बिसन," लखाजी जागा करून देत म्हणाला. "माझं पान तू ठेवलंस. तुझं कुणी ठेवलं?"

बिसन मागं सरकला. एक पाऊल. आणि थिजला. पाय पाचोळ्यात पडला होता, आणि पाचोळा वाजला नव्हता. दुसरा पाय आपटला. जोरात आपटला! काही नाही.

तो खाली बसला. फुलवंतीचं नाव घेऊन रडायला लागला, तर रडण्यालाही आवाज नाही.

तेवढ्यात लांबून आलं. चुर्र, चुर्र. जित्या माणसाची चाल. खरी सगुणामाय! तिनं फुलवंतीचं पोट तपासलं होतं, दिवस भरलेत हे ती ओळखून होती. आपणहूनच निघाली होती, वाटेच्या दुसऱ्या अंगानं. बिसन तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. तिला दिसलाच नाही. ती सरळ शिवेकडं चालली.

पण ढिगापाशी कंदील खाली धरला तिनं. वर सागाचं वाळकं पान. शेजारी बिसनची चंची.

"अरे मूर्खा!" म्हातारी ओरडली. "जितेपणी वाळकं ठेवलंस?"

बाळंतिणीच्या दाराला बांधायला तिनं अंगणातल्या कडुलिंबाचा डहाळा आणला होता. तो गाठोड्यातून ओढून काढला, ढिगावर ठेवला. "हा बिसन. जिता आहे. याची बायको अडली आहे. सोडा याला!"

आणि बिसनला समोर गावातला दिवा दिसला.

पोर वाचलं, फुलवंती वाचली. बिसनही पुढं पुष्कळ जगला. पण एक गोष्ट परत आली नाही. पाचोळ्यातून चालला तर त्याच्या पावलांचा आवाज व्हायचा नाही. कधीच नाही. फुलवंती दचकायची, म्हणून तो काठीला घुंगरू बांधून फिरायचा. शेवटी रानातच मेला, तेव्हा लोक फुलवंतीला म्हणाले, पालादेवावर पान ठेवून ये. ती जागची हलली नाही. "त्यांनी स्वतःचं आधीच ठेवलंय," म्हणाली.

तेव्हा बाबांनो, दिवस बुडाला की त्या वाटेचं नाव काढू नका. कितीही घाई असो. लांबून जा, पण तिथून नको.

श्शू. गप बसा जरा. रानाकडून कोण येतंय ते? ऐका. पाचोळा वाजतोय ना त्याच्या पायाखाली?

वाजतोय? नक्की?

मग येऊ द्या.