जाहिरातीचा आवाज चालू राहिल्याबाबत

नाव: पोलीस ठाण्याच्या नोंदीत आहे, परंतु त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही, इमारतीत सगळे पडदेकाकू म्हणतात. वय: त्रेसष्ट. व्यवसाय: घरी पडदे शिवणे. राहणार: तिसरा मजला, जिना चढून आल्यावर डाव्या हाताचे घर.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझ्या घराला लागून ग्रंथपाल बाईंचे घर आहे. त्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या असून वयाने माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या आहेत. त्याही एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी त्याच्या आईच्या घराचे दार परवानगीशिवाय फोडून आत शिरले. दार फोडले हे खरे आहे. पटाशी तळमजल्यावरच्या सुताराने चालवली, पण माझ्या सांगण्यावरून. तरी त्याचे नाव यातून काढावे. परवानगी होती की नव्हती याबद्दल मला जे सांगायचे आहे ते टीव्हीवरच्या जाहिरातींपासून सुरू होते. हवालदारसाहेब म्हणाले, "काकू, मुद्द्याचं बोला." मी म्हटले, "मुद्द्याचंच बोलतेय, तुम्ही लिहून घ्या."

मला जाहिरातींचा तिटकारा आहे. मालिकेत सासऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि मध्येच एक मुलगी किंचाळत येते की तिची फरशी चकाचक झाली. मालिकेतली माणसे माणसांसारखी बोलतात, जाहिरातीतली बोंबलतात. यावर मी करायचे ते सगळे उपाय करून पाहिले आहेत. चॅनेल बदलले, तर तिकडेही तीच मुलगी आणि तीच फरशी. परत येईपर्यंत सासऱ्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले. भाचीने वर्गणी भरून मोबाईलवर बिनजाहिरातीचे काहीतरी लावून दिले, तर काही महिन्यांत त्यातही जाहिराती घुसल्या, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग मालिका रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी जाहिराती पळवत बघायचे ठरवले. तो उपाय उत्तम होता, पण शेजारी ग्रंथपाल बाई होत्या.

बाईंना अलीकडे कमी ऐकू येते. आयुष्यभर लोकांना "हळू बोला" सांगितलेल्या बाईंचा टीव्ही जिन्यापर्यंत ऐकू येतो. मालिका त्याही तीच बघतात. त्यामुळे मी उद्या बघणार असलेल्या भागात विष कोणी कालवले हे मला आजच भिंतीतून कळायचे. शेवटी मी रेकॉर्डिंगचा नाद सोडला आणि सगळ्यात साधा उपाय धरला: जाहिरात लागली की आवाज बंद करायचा आणि मशीनवर बसायचे. एका जाहिरातीच्या सुट्टीत एका पडद्याची खालची कड होते. मी आवाज बंद केला तरी बाईंचा चालूच असायचा, कारण जाहिरात लागली की त्या चहा टाकायला आत जायच्या. मग कापड मोजायची लाकडी पट्टी मी त्यांच्या भिंतीवर जोरात आपटली.

त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भिंत तुझ्या एकटीची आहे का गं?" मी म्हटले, "भिंत दोघींची आहे बाई, म्हणून तर सांगतेय. मालिका खुशाल मोठ्याने लावा. जाहिराती तेवढ्या माझ्या माथी मारू नका." त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे हव्यात त्या? मेल्या अंगावर धावून येतात. पण मी आत असले की मला कळत नाही, सुरू झाल्या की नाही ते." त्या दिवशी आमचे ठरले. दोन ठोके म्हणजे आवाज बंद कर. दुसरीने आवाज बंद केला की उलट एक ठोका द्यायचा, म्हणजे झाले, कळले; आणि आवाज थांबला की पहिलीनेही पोच म्हणून एक ठोका द्यायचा. मी पट्टीने ठोकायची, बाई डाव्या हाताच्या बोटांनी. त्या डावखुऱ्या आहेत, हे कृपया नीट लिहावे.

हे ठोके कधी माझ्याकडून जायचे, कधी त्यांच्याकडून यायचे. माझी मशीन चालू असली आणि मला जाहिरात लागल्याचे कळले नाही, की बाई लगेच ठोकायच्या. वाचनालयात शिस्तीत गेलेला जन्म, एक जाहिरात सोडायच्या नाहीत. भिंतीचा तेवढा भाग त्यांच्या हाताला नीट लागावा म्हणून त्यांनी खुर्चीसुद्धा सरकवून घेतली. जाहिराती लांबल्या तर आम्ही दोघी आपापल्या गॅलरीत येऊन बोलायचो. त्यांचे गुडघे, माझ्या यजमानांचे जाणे, त्यांच्या मुलाचे लहानपण, हे सगळे मी जाहिरातींच्या सुट्टीत ऐकले आणि सांगितले. मालिका सुरू झाली की वाक्य अर्धे टाकून दोघी आत पळायचो. काही वाक्ये अजून अर्धीच राहिली आहेत.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला मालिका लागली. पहिल्या जाहिरातीला मी आवाज बंद केला. भिंतीपलीकडे फरशीवाली मुलगी ओरडतच होती. मी दोन ठोके दिले. उत्तर आले नाही. वाटले, बाथरूममध्ये असतील. पुन्हा ठोकले. फरशी संपली, रंगाचा डबा आला, मग पुन्हा फरशी आली. मालिका सुरू झाली आणि मला एक शब्द कळला नाही, कारण माझे लक्ष भिंतीकडे होते. दुसऱ्या सुट्टीतही तेच झाले. बाई रागावल्या असत्या तर त्यांनी दुप्पट जोरात ठोकले असते, रुसणाऱ्यातल्या त्या नाहीत. हात-पाय हलवता येत असताना ती बाई फरशीची जाहिरात दोनदा ऐकून घेणार नाही, याबद्दल मी कोणत्याही कोर्टात शपथ घ्यायला तयार आहे.

मी बेल वाजवली. फोन लावला, तो आतमध्ये वाजताना मला ऐकू आला. मग मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काकू, टीव्ही चालू आहे ना?" मी म्हटले, "चालू आहे, म्हणूनच फोन केला." तो म्हणाला, "मग आई ठीक आहे. डुलकी लागली असेल. मी मीटिंगमध्ये आहे, उद्या बोलतो." मी म्हटले, "अरे, जाहिरातीचा आवाज चालू आहे!" त्यावर तो हसला. मी त्याला तेव्हा "उंटावरून शेळ्या हाकू नकोस" असे म्हणाले, हे त्याने तक्रारीत लिहिले आहे आणि ते खरे आहे.

त्यानंतर मी या ठाण्यात फोन केला. गाडी पाठवतो, असे उत्तर मिळाले. त्याची नोंद इथे असेल. पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे माझ्या स्वभावात नाही. मी सुताराला वर बोलावले. तो माझ्या पडद्यांचे दांडे बसवतो, त्यामुळे ऐकतो. तो म्हणाला, "काकू, दुसऱ्याचं दार आहे. आत बाई झोपलेल्या असल्या तर?" मी म्हटले, "तर त्या मला चार शिव्या देतील आणि मी त्या आनंदाने खाईन. घाल पटाशी." कुलपाजवळची चौकट फुटली. नुकसान तेवढेच आहे.

बाई खुर्ची आणि टीव्हीच्या मध्ये, उजव्या कुशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते. डावा हात पुढे ताणलेला होता आणि रिमोट बोटांपासून वीतभर लांब पडला होता. मी प्रथम रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. हवालदारसाहेबांनी इथे विचारले, "माणूस जमिनीवर पडलंय आणि तुम्ही आधी टीव्ही बंद केला?" मी म्हटले, "टीव्ही नाही, आवाज." रिमोट माझ्या पायाशीच होता, त्याला वेळ लागला नाही. त्या किती वेळ तिथे पडून ते सगळे ऐकत होत्या, ते मला माहीत नाही. आवाज बंद झाल्यावर बाईंनी डाव्या हाताचे बोट फरशीवर एकदा आपटले. सुतारानेही ते पाहिले. घरात शिरायची परवानगी ती हीच, असे माझे म्हणणे आहे. त्यानंतर मी रुग्णवाहिका बोलावली. त्यांच्याबरोबर जाताना फुटलेल्या दाराला माझे स्वतःचे कुलूप लावले. त्याची किल्ली आज ठाण्यात जमा केली आहे.

दवाखान्यात सांगितले की अर्धांगवायूचा झटका आहे. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. मला बघून त्याने आधी हात जोडले आणि थोड्या वेळाने ओरडायला लागला की, आईचं घर तुम्ही उघडं टाकलंत, तुम्हाला कोणी अधिकार दिला. तो वाईट नाही. आपण फोनवर हसलो हे त्याला आठवत असणार, आणि ते कोणावर तरी काढायचे तर मी समोर होते. पण त्याने माझे नाव सांगून मला वॉर्डात येऊ द्यायचे नाही असे कळवले, याचे मला फार वाईट वाटले.

काल संध्याकाळी मी बाईंचा चष्मा द्यायला गेले. मला दारातच थांबवले. दाराला काच आहे. भिंतीवर टीव्ही आहे, तो बाईंच्या अगदी समोर. मुलाने तो मुद्दाम लावून ठेवला आहे, आईला सोबत म्हणून. मी पाहत असतानाच जाहिरात लागली. बाईंनी डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर दोन ठोके दिले. थोडा वेळ थांबल्या. पुन्हा दोन. मी काचेतून पाहत होते आणि माझ्याकडे पट्टी नव्हती. मी काचेवर एक ठोका दिला, पण आवाज बंद करणे माझ्या हातात नव्हते आणि खोटा ठोका बाईंना चालत नाही. त्यांनी परत दोन दिले.

मी नर्सबाईंना म्हटले, "अहो, त्या तुम्हाला काहीतरी सांगताहेत." त्या म्हणाल्या, "मावशी, तो हात असाच आपटतो. संध्याकाळी जास्त. डॉक्टर म्हणाले, त्याला काही अर्थ नाही, त्यांना काही कळत नाहीये. सलाईनची सुई निघते हो सारखी. उद्यापासून मऊ पट्टीने बांधून ठेवणार आहोत." मी त्यांना दोन ठोक्यांचे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी जाऊन जरा झोपा." त्या आपल्या कामात चांगल्या आहेत. रात्रभर मी मशीनला हात लावला नाही.

मी आज स्वतःहून ठाण्यात आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. दाराचा गुन्हा माझ्यावर लावायचा असेल तर लावावा. चौकट मी सुताराकडून नवी बसवून देईन, आणि जुन्या चौकटीपेक्षा ती चांगली असेल. पण त्या हाताची पट्टी आजच सुटली पाहिजे. पोलिसांनी सांगितले तर मुलगा ऐकेल, माझे तो ऐकणार नाही. हवालदारसाहेबांनी साडेसातच्या आत वॉर्डात यावे, हात सोडायला लावावा, मुलाला आणि नर्सबाईंना पलंगाशी उभे करावे. मी हवी तर काचेबाहेर थांबते. जाहिरात लागली की बाई दोन ठोके देतील. तेव्हा मुलाने रिमोट घेऊन आवाज बंद करावा, बाकी काही करू नये, बोलू नये. मग त्या एक ठोका देतील. तो त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावा. ऐकू आला नाही तर मी दार फोडले, चोरी केली, जे म्हणाल त्यावर सही करीन.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी "जाहिरात" ऐवजी "बातम्या" लिहिले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. बाकी सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे, खरे आहे, आणि खाली सही माझीच आहे. वाचन चालू असताना बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर जाहिरात लागली. मी टेबलावर दोनदा ठोकले आणि तिथल्या शिपायाने काही न विचारता आवाज बंद केला. सात वाजायला आले आहेत. हवालदारसाहेब टोपी घालत आहेत.