केटलसनबाईंची पहिली सही

अर्जावर सह्यांसाठी दहा रेघा छापलेल्या होत्या आणि पहिल्या रेघेवर अंगठ्याच्या घामाचा डाग उमटला होता. गावच्या अग्निशमन केंद्रात पॅनकेकच्या न्याहारीसाठी रांग लागली होती. डेअरीत दूध तपासणाऱ्या डोरीनला रांगेत मागून तो डाग स्पष्ट दिसत होता. अर्ज खासदार रॉइस लिंडक्विस्ट यांच्या हातात होता. चौतीस वर्षं, दर निवडणुकीला, त्यांच्या उमेदवारीच्या अर्जावर पहिली सही याच रांगेत होई, त्यांच्या शाळेतल्या केटलसनबाईंची. आजही बाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

"आण तो कागद, रॉइस. सतरा वेळा केली, अठराव्यांदा करते."

"आधी खाऊन घेऊ, बाई."

"मागच्या वेळी दारातच पेन पुढं केलं होतंस."

"पेन विसरलो."

"खिशातून डोकावतंय. चौथीतही तुला खोटं बोलता यायचं नाही. वॉशिंग्टनला राहून शिकलास तरी काय?"

"नदीवर पूल आणायला शिकलो."

"नऊ वर्षं लावलीस. तेवढ्यात माझे दोन्ही गुडघे बदलून झाले."

"पण आला ना?"

"आला. रोज जाते त्यावरून, तुझं नाव घेत."

रांग पाऊलभर सरकली.

"बाई, मंगळवारी सभागृहात मी भाषणाचं एकच पान दोनदा वाचलं. कुणी टोकलंसुद्धा नाही."

"का?"

"म्हातारा म्हणून सांभाळून घेतलं."

"मी नाही सांभाळून घेणार. नीट सांग, सही करू की नको?"

लिंडक्विस्टनी अर्जाची घडी घातली.

"नको, बाई. यंदा मी उभा राहत नाही."