कारणाचा रकाना

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मोठ्या सिस्टर, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सिस्टरांच्या सेवेबद्दल बोलायला माझ्याहून जाणती माणसं इथे बसली आहेत. मी नोंदणी विभागातली कारकून. मला माझ्या चुकीबद्दलच बोलता येईल.

मणक्याला मार बसून कमरेखाली लुळा पडलेला रुग्ण आला की कारणाच्या रकान्यात मी लिहायचे, 'पडून इजा'. दोन शब्द, काम फत्ते! सिस्टर तो कागद परत पाठवायच्या, आणि मी तो तसाच फायलीत लावून टाकायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "सिस्टर, माणूस पडला म्हणजे पडला. आणखी काय लिहू?" त्या माझा हात धरून मला वॉर्डात घेऊन गेल्या. छपराची दुरुस्ती करणाऱ्या एका कामगाराला त्यांनी विचारलं, "कसा पडलास रे?"

"कसा म्हणजे? खालीच पडलो, सिस्टर. वर पडायची सोय कुठंय?"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या. मग म्हणाल्या, "शहाणाच आहेस. पाय कशावर होता ते सांग."

पाय होता छपरात उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, आणि तो वजनाने फुटला. गोदाम कुठलं, तेही त्याने सांगितलं. मी जुने कागद काढले. त्याच गोदामातून आधी दोघं आले होते. दोघांच्याही कागदावर माझंच अक्षर: 'पडून इजा'.

पहिल्याच वेळी मी नीट विचारलं असतं, तर हा तिसरा आज चालत असता का? ठाम सांगता येत नाही. नाही म्हणण्याचा धीरही होत नाही.

सिस्टरांनी मालकाला गाठलं. पत्र्यांखाली जाळी आणि वर चालायला फळ्या बसेपर्यंत पिच्छा सोडला नाही. त्यानंतर त्या छपरावरून आपल्याकडे कुणी आलेलं नाही. मज्जारज्जू तुटला की डॉक्टरांनाही सांधता येत नाही. जाळी दोन दिवसांत बसते.

अध्यक्ष महोदय, उद्यापासून येणाऱ्या संगणकावरच्या अर्जात कारण लिहायचा हा रकानाच नाही. 'पडणे', 'वाहन', 'इतर' यांतल्या एकावर खूण करायची, बस. निरोपाच्या समारंभात हे काढू नये, कळतं मला. पण उद्या सिस्टर नसतील, मग अर्धवट कागद परत कोण पाठवणार? मी पाठवीन. ज्या अर्जात इजेचं कारण पूर्ण लिहिलेलं नसेल, त्यावर माझी सही होणार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. सहीचं मात्र पोटात घालू नका, साहेब. त्यासाठी उद्या मला केबिनमध्ये बोलवा. मी ते तिन्ही कागद घेऊन येते.