तहानेचा कारकून

(डॉक्टर मॅडमची खोली, सकाळचे अकरा. समोर निवृत्त हेडक्लार्क आणि त्यांची बायको. टेबलावर पाण्याचा जग, ग्लास आणि एक वही.)

हेडक्लार्क – सात दिवस, रोज दहा ग्लास. प्रत्येकापुढे वेळ आणि टिक. सत्तरच्या सत्तर. एक खाडाखोड सापडली तर सांगा.

डॉक्टर – नाही सापडली, काका. इतकी स्वच्छ वही माझ्याकडे आजवर कुणी आणलेली नाही.

बायको – मग मी जाऊ ना? परवा सकाळची गाडी आहे. लेकीचे दिवस भरत आलेत, जावई बिचारा एकटा कुठे कुठे पुरणार. यांनी आठवडाभर स्वतःचं स्वतः पाणी पिऊन दाखवलं तर जा, असं तुम्हीच म्हणाला होतात.

डॉक्टर – म्हणाले होते. पण काकू, वही म्हणते काका भरपूर पाणी प्यायले आणि रक्त म्हणतं नाही प्यायले. पाणी कमी पडलं की रक्तातलं मीठ, सोडियम, चढतं. ते एकशे चोपन्न आलंय. एकशे पंचेचाळीसच्या वर जायला नको.

हेडक्लार्क – रक्त चुकलं असेल.

डॉक्टर – दोनदा तपासलं.

हेडक्लार्क – मग तपासणारा चुकला असेल. मी एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय, मॅडम. कागद खोटं बोलत नाही. रक्ताशी माझा संबंध आला नाही.

बायको – अहो, खरं काय ते सांगून टाका. ओतलंत ना कुठेतरी? मोरीत?

हेडक्लार्क – मी? खोटी नोंद?

बायको – मी जायला नको म्हणून केलं असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण घरी गेल्यावर.

डॉक्टर – थांबा, काकू. काका, एका ग्लासचं काय काय होतं, पहिल्यापासून सांगा बरं.

हेडक्लार्क – फोनचा गजर होतो. मी उठतो, ग्लास भरतो. वही उघडतो, वेळ लिहितो, टिक करतो.

डॉक्टर – मग?

हेडक्लार्क – मग वही मिटतो.

डॉक्टर – आणि पाणी?

हेडक्लार्क – पाणी... ग्लासात असतं.

डॉक्टर – पुढचा गजर होतो तेव्हा?

हेडक्लार्क – तेव्हा ग्लास भरलेलाच असतो. म्हणजे तयारी झालेली आहे. टिक.

बायको – अगं बाई. म्हणून रोज संध्याकाळी टेबलावर भरलेला ग्लास. मला वाटायचं, शिस्तीचा माणूस, पुढचा भरून ठेवलाय. मी आपली ते कुंडीत ओतत होते. सात दिवसांत झाडाला तीन पानं फुटली.

डॉक्टर – म्हणजे जेवताना तुम्ही हातात देता तेवढंच यांच्या पोटात गेलं. बरं झालं आजच रक्त बघितलं.

हेडक्लार्क – आमच्याकडे पद्धतच तशी होती, मॅडम. फाईल आली की आधी ‘कार्यवाही झाली’ असा शेरा मारायचा, मग सवड होईल तशी कार्यवाही. याच पद्धतीवर दोन बढत्या मिळाल्यात मला.

डॉक्टर – चूक तुमची नाही, काका. चार महिन्यांपूर्वीपर्यंत असं टिक करून विसरला असतात तरी काही बिघडलं नसतं. अर्ध्या तासानं घशाला कोरड पडली असती आणि हात आपोआप ग्लासाकडे गेला असता. ते परत बोलावणारं जे होतं ना, ऑपरेशनमध्ये मेंदूतली गाठ काढताना त्यालाच धक्का लागला.

हेडक्लार्क – तो हायपो की काय.

डॉक्टर – हायपोथॅलॅमस. बदामाएवढा, वजन चार ग्रॅम. आणि कामं काय काय? अंग तापलं तर घाम आणतो, गार पडलं तर थरथरवतो. भूक केव्हा लागावी, पोट केव्हा भरावं, झोप केव्हा यावी, मुलगा वयात केव्हा यावा. इतकी वर्षं शिकवतेय हे, अजून दर वेळी थक्क होते. रक्तात मीठ शेकडा एक-दोननं वाढलं तरी त्याला कळतं. आमच्या मशीनला त्यासाठी एक खोली लागते.

हेडक्लार्क – आमच्या ऑफिसात होता असा एक. खिडकीपाशी बसायचा, पंख्याखालीसुद्धा नाही. एकदा महिनाभर रजेवर गेला, तेव्हा कळलं ऑफिस कोण चालवत होतं. साहेबांचीसुद्धा सही अडली.

बायको – मग दिलीत का त्याला बढती?

हेडक्लार्क – छे. त्याचा कधी अर्जच आला नाही.

डॉक्टर – यानंही नाही केला. आणि एक गंमत सांगते. पाणी पोटातून रक्तात उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तहान मात्र चार घोटांतच भागते. तोंड आणि घसा कळवतात, पाणी निघालंय, की हा लगेच तक्रार बंद करतो.

हेडक्लार्क – म्हणजे काम पुरं व्हायच्या आधीच?

डॉक्टर – आधीच.

हेडक्लार्क – ऐकलंस? तोही आधीच टिक करतो.

डॉक्टर – करतो. पण पाणी घशाखाली गेल्यावर, काका.

बायको – आता बसा गप्प.

हेडक्लार्क – मोठा माणूस आहे हा तुमचा हायपो. इतकी वर्षं मला वाटत होतं, पाणी मी पितोय.

डॉक्टर – तर आता असं करायचं. आज आणि उद्या इथे राहा, हा आकडा सावकाश खाली आणू. घाईनं आणला तर मेंदूला सूज येते. उद्या संध्याकाळी रक्त बरं आलं तर काकू परवा जातील. आणि वही घेऊन जातील.

हेडक्लार्क – वही? मग टिक कोण करणार?

डॉक्टर – काकू. गजर झाला की तुम्ही फोन लावायचा, चित्र दिसणारा. त्यांच्यासमोर प्यायचं. गळा हललेला दिसला की त्या तिकडे टिक करतील. आणि सकाळी उठल्यावर वजन करून कळवायचं. एकदम कमी भरलं तर अंगातलं पाणी घटलंय, लगेच मला फोन.

बायको – दिवसाला दहा फोन. तिकडे बाळंतीण बघू की यांचा गळा?

हेडक्लार्क – मॅडम, एक विचारायचं होतं. माणसाची आठवण येणं, हेही त्याच्याच टेबलावर आहे का?

डॉक्टर – का हो?

हेडक्लार्क – तहान गेली ती मला कळली नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून कळली. तसं आणखी काही गेलं असेल तर तेही मला कळणार नाही. ही जाईल, आणि मला काही वाटलंच नाही तर?

डॉक्टर – थोडं आहे त्याच्याकडे. तुमच्या लेकीला कळा येतील, बाळाला जवळ घेतल्यावर पान्हा फुटेल, त्याचा रस तोच करतो. माया लागण्यातही त्या रसाचा हात असतो म्हणतात. पण ती फाईल एका टेबलावरून निघत नाही, काका. पुष्कळ सह्या लागतात तिला.

हेडक्लार्क – म्हणजे नक्की नाही.

बायको – मला विचारा ना, मी सांगते. काल बॅग भरली तर तीनदा उघडून बघितलीत. चष्मा घेतलास का, गोळ्या घेतल्यास का. तिसऱ्यांदा माझी शाल बाहेर काढून नीट घडी करून परत ठेवलीत. जन्मात कधी घरातल्या कपड्याची घडी केली नव्हतीत.

हेडक्लार्क – ती चुरगळलेली होती.

बायको – नव्हती.

डॉक्टर – घ्या. हा रिपोर्ट माझ्या लॅबमध्ये मिळाला नसता. बरं, पहिला ग्लास साडेअकराला. तोवर मी वॉर्डात सांगून येते.

बायको – अहो, ग्लास काय भरताय? सव्वाअकराच झालेत आत्ता.

हेडक्लार्क – माहीत आहे.

बायको – मग? तहान लागली?

हेडक्लार्क – नाही. तू बघतेयस ना.